क्रिसमसला पाच टाळ्या: कोरियन माणसाला इंग्रजी उच्चार शिकवताना

'क्रिसमस' हा शब्द टाळ्या वाजवत म्हणून बघा. क्रिस्-मस, दोन टाळ्या. तोच शब्द कोरियन माणूस म्हणतो तेव्हा पाच वाजवाव्या लागतात: खु-रि-सु-मा-सु. बेसबॉलमधला 'स्ट्राइक' इंग्रजीत एका ठोक्यात संपतो, कोरियात त्याचे सु-थु-रा-इ-खु असे पाच तुकडे पडतात. यातला 'उ' आपला ओठ गोल करून म्हणायचा 'उ' नाही. 'ई' म्हणताना ओठ ताणतो तसे ताणून ठेवायचे आणि 'उ' म्हणायचा, की तो कोरियन स्वर येतो.

पुण्याच्या आसपास कोरियन माणसं दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं २०२३ साली केला. माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी उच्चारांसाठी येणारे गृहस्थ एका छोट्या कोरियन कंपनीत इंजिनिअर आहेत, पंचेचाळिशीच्या पुढचे. मला ते 'टीचर' अशीच हाक मारतात, कारण कोरियनमध्ये शिक्षकाला नावानं हाक मारत नाहीत. इंग्रजी वाचायला दिलं तर माझ्याआधी पान संपवतात. त्यांच्या देशात बारावीच्या शेवटी, नोव्हेंबरमध्ये, 'सुनुंग' नावाची परीक्षा असते. तिच्यातला इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू असताना सुमारे ३५ मिनिटं देशभर विमानं उडवतही नाहीत आणि उतरवतही नाहीत, मुलांना नीट ऐकू यावं म्हणून. एवढा सगळा बंदोबस्त, आणि त्या परीक्षेत इंग्रजी बोलावं मात्र लागत नाही. तेव्हा आमच्या शिकवणीचं काम सरळ आहे: डोक्यात साठलेलं इंग्रजी तोंडातून असं बाहेर काढायचं, की समोरच्याला ते कळावं.

जीभ निर्दोष आहे

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कोरियातून एक बातमी जगभर गेली होती. इंग्रजीतले आर आणि एल नीट यावेत म्हणून काही पालक लहान मुलांच्या जिभेखालची पातळ पट्टी कापून घेत होते. वाचून अंगावर काटा येतो. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली कोरियन घरातली मुलं कुठलीही पट्टी न कापता अस्सल अमेरिकन इंग्रजी बोलतात, हा पुरावा समोर असताना हे चाललं होतं.

मग अडतं कुठे? कानात. उत्तरेतून आलेल्या एखाद्या मित्रापुढे 'वेळ' आणि 'वेल' लागोपाठ म्हणा आणि फरक विचारा. बहुतेकांना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, म्हणून टिळकांचे 'तिलक' होतात. त्याची जीभ ळ म्हणू शकत नाही असं थोडंच आहे? त्याच्या कानात ळ साठी वेगळा कप्पाच नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला जगातल्या बऱ्याच भाषांतले बारीक फरक ऐकू येतात. वर्ष भरत येईपर्यंत ते घरातल्या भाषेला कामाचे तेवढे कप्पे ठेवतं, बाकीचे मिटवतं. प्रौढ माणसाला शिकवायचं म्हणजे मिटलेले कप्पे पुन्हा उघडायचे.

आपलेही कप्पे मिटलेले असतात बरं. कोरियनमध्ये चंद्राला, मुलीला आणि मुखवट्याला जे तीन शब्द आहेत ते मराठी कानाला साधारण 'ताल', 'त्ताल' आणि 'थाल' असे येतात. पहिला सैल, दुसरा घसा आवळून, तिसरा श्वास सोडून. खोलीला 'पांग' आणि पावाला 'प्पांग'. (तो 'प्पांग' आणि आपला 'पाव' एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले, आमच्याकडे गोव्याच्या बाजूनं आणि त्यांच्याकडे जपानमार्गे.) सेऊलमधल्या तरुणांच्या बोलण्यात तर सैल आणि श्वासाचा यांतला फरक आता श्वासापेक्षा सुराच्या चढउतारावर जास्त टेकतो. माझ्या विद्यार्थ्यानं माझी परीक्षा घेतली तेव्हा मी चंद्राला चार वेळा मुखवटा म्हणालो. शिकवणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात ही परीक्षा द्यावी. पुढे आवाज चढत नाही.

जोडाक्षरं नसलेली भाषा

कोरियन अक्षराचा साचा छोटा आहे: एक व्यंजन, एक स्वर आणि हवं तर शेवटी एक पाय मोडलेलं व्यंजन. सुरुवातीला 'स्ट्र', 'क्रि' असं काही चालत नाही. शेवटीही फक्त सात आवाज चालतात: क, त, प, ङ, न, म आणि ल. त्यातले क-त-प असे अडवलेले की बाहेर सोडायचेच नाहीत. ओठ मिटले की शब्द संपला. इंग्रजी शब्द या साच्यात बसवायचा तर प्रत्येक जादा व्यंजनाखाली तो ताणलेला 'उ' सरकवावा लागतो. 'च', 'ज', 'श' यांच्यानंतर 'इ' येतो: बेंच म्हणजे 'बेन्चि', ऑरेंज म्हणजे 'ओरेन्जि'. उत्तरेकडचा 'इस्कूल' याच जातीचा.

मी सगळ्यात आधी हेच घेतो, कारण ऐकणाऱ्याचा गोंधळ यामुळे सर्वांत जास्त होतो. एखादा आवाज चुकला तर माणूस अंदाज बांधतो. शब्दाचे ठोकेच बदलले की अंदाज बांधायलाही काही उरत नाही. हनुवटीखाली हाताची पालथी बाजू धरायची आणि शब्द म्हणायचा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो आणि हाताला कळतं. 'स्ट्राइक' म्हणताना हनुवटी एकदाच उतरली पाहिजे. मग 'स्स्स्स' असा साप काढायचा, त्यात आवाज मिसळू द्यायचा नाही आणि तो तसाच 'टॉप'वर नेऊन आदळायचा. 'स्टॉप' पहिल्याच दिवशी येतो. 'स्ट्राइक'ला पंधरवडा लागतो.

शब्दाच्या शेवटाचा उपाय मात्र कोरियन भाषेतच पडलेला असतो. तिच्यात शेवटच्या व्यंजनापुढे स्वर आला की ते व्यंजन उडी मारून पुढच्या अक्षरात जाऊन बसतं. कपड्याला 'ओत' म्हणतात, पण त्याला कर्त्याचा प्रत्यय 'इ' लागला की मूळचा स जागा होतो आणि 'ओशि' होतं. ही उडी त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून 'केक' सुटा म्हणायला लावायचा नाही, तो 'केइखु' होणारच. 'केक इज' म्हणायला लावायचं, 'केइ-किज'. 'लाइक इट' म्हणजे 'लाइ-किट'. महिनाभर जोडूनच म्हणायचं, मग नंतरचा शब्द हळूच काढून घ्यायचा.

आपला व्याकरणाचा तास

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो अमेरिकन शिक्षकाला नसतो. कोरियन माणूस 'गुड मॉर्निंग' म्हणताना 'गून मॉर्निंग' का म्हणतो? 'पॉप म्युझिक'चं 'पाम म्युझिक' आणि 'निकनेम'चं 'निङ्नेम' का होतं? शाळेतला व्यंजनसंधी आठवा. वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय. जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ. अडवलेल्या व्यंजनापुढे अनुनासिक आलं की ते व्यंजन आपल्या जागचं अनुनासिक होतं. कोरियनमध्ये हा नियम रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. कोरियन मालिका पाहणाऱ्यांना 'खामसाहाम्निदा' म्हणजे आभार हे पाठ असतं. लिहिताना तिथे 'हाप्निदा' असतं. तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन, याचाही भाऊ तिथे आहे: 'शिल्ला' या जुन्या राज्याचं नाव लिहिताना पहिल्या अक्षराच्या शेवटी न असतो, तो पुढच्या ल मध्ये विरघळतो. म्हणून इंग्रजी 'ओन्ली'चं 'ओल्ली' आणि 'हेन्री'चं 'हेल्ली' होतं.

हा नियम चालू आहे हेच विद्यार्थ्याला माहीत नसतं. आपण तरी 'वाङ्मय' म्हणताना कुठे मोजतो? त्यांना दाखवून दिलं की आधी ते हसतात आणि मग वाक्या-वाक्यात स्वतःला पकडू लागतात. कारखान्यात याला महत्त्व आहे. 'स्टॉप मशीन' घाईत 'स्टॉम मशीन' झालं तर समोरचा थांबायच्या ऐवजी विचार करत बसेल. उपाय म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये प चा छोटा फटका ऐकू येऊ द्यायचा.

'शिल्ला'मधला श सुद्धा बघण्यासारखा आहे. लिहिताना तिथे स असतो. कोरियन स पुढे इ आली की श होतो, त्यामुळे 'सिटी'चं 'शिटी' होतं आणि 'सिट डाउन' म्हणताना चारचौघांत काय होतं ते सांगायला नको. याला हसण्याआधी 'रामाचा' आणि 'रामाची' म्हणून बघा. अक्षर तेच, पण 'ची' म्हणताना जीभ टाळूकडे पसरते. 'माझा' आणि 'माझी' यांतही तेच. मी विद्यार्थ्याला सांगतो: 'सा' म्हणा, 'से' म्हणा, आता जीभ तिथेच ठेवून दात घट्ट ठेवा आणि 'सी'. पहिल्या वेळी शिट्टीसारखा आवाज आला की समजायचं जमलं.

आर, एल आणि ओठ

या जोडीवर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून थोडं थांबतो. कोरियनमध्ये यासाठी अक्षर एकच. दोन स्वरांच्या मध्ये त्याचा उच्चार 'बरा'तल्या र सारखा हलका होतो, शब्दाच्या शेवटी सरळ ल होतो, आणि दुप्पट झालं तर ल्ल. म्हणजे ल त्यांना येतो, रोज शंभरदा येतो. फक्त शब्दाच्या सुरुवातीला कुठला म्हणायचा हे त्यांची भाषा विचारत नाही. 'लाइट' आणि 'राइट' कोरियन लिपीत अगदी सारखे लिहिले जातात.

तेव्हा ल जिथे राहतो तिथून तो उचलून आणायचा. 'लाइट'च्या आधी मनातल्या मनात 'उल्' म्हणायचं आणि जीभ दातांमागे टेकलेली असतानाच शब्द सुरू करायचा: (उल्)लाइट. 'राइट'च्या आधी ओठांचा चंबू करून 'ऊ': (ऊ)राइट, आणि यात जीभ कशालाही टेकवायची नाही. ही युक्ती कोरियात शिकणाऱ्यांनाही माहीत असते. माझी भर एवढीच, की मराठी शिक्षकानं इथे आपला र देऊ नये. आपला र टाळूला ठोका मारतो. तो ऐकून विद्यार्थी आपला जुना हलका र म्हणतो, दोघंही खूश होतात आणि गाडी जागेवरच राहते.

जीभ कुठे आहे हे कागदावर काढून दाखवलं तर कोरियन माणसाला पटकन कळतं. राजा सेजोंगनं १४४६ साली जाहीर केलेल्या लिपीत मूळ व्यंजनांचे आकार तोंडावरून घेतलेत: न म्हणजे टोक वर केलेली जीभ, म म्हणजे मिटलेलं तोंड, स म्हणजे दात. आपली वर्णमालाही घशापासून ओठांपर्यंत क्रमानं येते, फक्त आपण अक्षरांत जिभेचं चित्र काढलं नाही. तोंडाचा नकाशा दोघांच्याही डोक्यात तयार असतो. इंग्रजी स्पेलिंगकडून ही अपेक्षा करू नये.

पण जीभ हलवण्याआधी कान. मी तोंडासमोर वही धरतो आणि 'लाइट, राइट, राइट, लीड, रीड' म्हणत जातो. ते बोटानं डावं-उजवं दाखवतात. चूक झाली की लगेच सांगायचं, तासाच्या शेवटी नाही. माझ्या एकट्याच्या आवाजावर हे केलं तर त्यांना फक्त माझा एल ओळखता येईल, म्हणून वेगवेगळ्या बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे आवाज मोबाइलवर ऐकवतो. १९९१ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात जपानी श्रोत्यांवर असाच प्रयोग झाला होता (जपानीलाही आर-एल हीच अडचण आहे). अनेक आवाजांवर सराव दिल्यावर त्यांचा कान सुधारला. पुढे १९९७ च्या अभ्यासात दिसलं, की फक्त ऐकण्याचा सराव दिलेल्यांचे उच्चारही सुधारले होते. प्रौढांचं काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवतो.

ब कधी प होतो

तुमच्या लक्षात आलं असेल, एकाच शहराला कधी 'पुसान' म्हणतात आणि कधी 'बुसान'. २००० साली कोरियन सरकारनं रोमन लिपीचे नियम बदलले आणि पी चा बी झाला. तिथल्या चित्रपट महोत्सवानं नावातलं अक्षर २०११ साली बदललं. कोरियन माणूस आधीही आणि नंतरही तो शब्द तसाच म्हणत होता. त्यांचा सैल प शब्दाच्या सुरुवातीला आपल्याला प वाटतो आणि दोन स्वरांमध्ये आपोआप ब होतो. म्हणून 'बस' सुटा म्हटला की 'पस'कडे झुकतो, पण 'अ बस', 'माय बस' म्हणायला लावलं की ब स्वच्छ येतो. पुन्हा तेच: त्यांच्या घरातून घ्यायचं आणि हळूहळू आधीचा शब्द गाळायचा.

शब्दाच्या शेवटी 'बॅग' आणि 'बॅक' एकच होतात, कारण शेवटी ग चालतच नाही. इथे ग शिकवण्यात वेळ घालवू नका. इंग्रज माणूस स्वतःही शेवटचा ग धड म्हणत नाही, तो आधीचा स्वर लांबवतो. 'बॅऽग', 'बॅक'. एवढं केलं की काम होतं. 'बॅ' मात्र वेगळा शिकवावा लागतो. कोरियनमध्ये ए आणि ॲ ही दोन अक्षरं अजून लिहितात, पण बोलण्यात ती एक झाली आहेत. 'पेन' आणि 'पॅन' सारखेच. आपण ॲ इंग्रजीकडून घेतला आणि इतका मुरवला, की 'बेट' आणि 'बॅट' यांत कोणी गोंधळत नाही.

एफ आणि झेड ही नुसती सवयीची बाब. खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा, आरशात बघायचं, दहा मिनिटांत एफ येतो. तरी 'कॉफी'चं 'खोपि' वर्षभर सुटत नाही, याचं कारण मला उशिरा कळलं. १९८६ च्या सरकारी नियमांप्रमाणे परक्या शब्दातला एफ कोरियन लिपीत श्वासाच्या प नं लिहितात. 'फॅशन' आणि 'पॅशन' एकाच अक्षरांत, 'फेस' आणि 'पेस' एकाच अक्षरांत. लहानपणापासून वाचलेले, दुकानावर पाहिलेले हे शब्द आता कोरियनच झालेत, जसे आपल्याकडे जुनी माणसं 'ठेसन' आणि 'हापिस' म्हणायची. कधी न ऐकलेला 'फर्मेंट' ते पहिल्या फटक्यात बरोबर म्हणतात. चुकतात ते ओळखीचे शब्द. म्हणून आमच्या वहीत नव्या शब्दांची यादी नाही, जुन्यांची आहे.

काय सोडून द्यायचं

'थिंक', 'थ्री' यांतला थ मी घेतच नाही. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासिकेनं २००० साली मांडलं, की वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा या थ नं सहसा काही अडत नाही. अडतं ते शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं मोडली किंवा वाक्यातला जोर चुकीच्या शब्दावर पडला की. आपण 'थँक यू' आपल्याच थ नं म्हणतो आणि जग चालतं. त्याआधी, १९९५ साली, कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग यांनी दाखवलं होतं, की लहेजा जड असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. लहेजा घालवणं आणि समजेल असं बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पैसे मी दुसऱ्याचेच घेतो.

जोर मात्र सोडून चालत नाही. कोरियनमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर आघात देऊन बाकीची चेपायची रीत नाही. 'बा-ना-ना' तिन्ही सारखी. मराठीतही जवळपास तसंच. 'कम्फर्टेबल' आपण सावकाश चार अक्षरांत म्हणतो, तर इंग्रज ते 'कम्फ्टब्ल' असं चेपतो. त्यामुळे या धड्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाकावर. मी रबरबँड दोन बोटांत धरून आघाताच्या अक्षरावर ताणायला लावतो.

अजून एक गोष्ट. 'समजलं का?' असं विचारू नये. कोरियन माणूस 'ने' म्हणेल. 'ने' म्हणजे 'हो', पण तो 'ऐकतोय, पुढे बोला' असाही असतो, आणि वयानं मोठ्या माणसाला शिक्षकासमोर 'नाही कळलं' म्हणणं जड जातं. विचारण्याऐवजी म्हणून घ्यावं. हाताखालच्या मुलांसमोर चूक काढू नये, हे तर आपल्याकडेही कळतं.

व्ही ची कथा वेगळी. कोरियनमध्ये तो ब होतो, डब्ल्यू मात्र बरा येतो. मराठी व या दोन्हींच्या मधोमध बसलेला. एकदा मी व्ही साठी ओठ दाताला लावायला सांगितला आणि पुढच्याच वाक्यात 'व्हेरी वेल' दोन्ही एकाच व नं म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, "टीचर, यातला कुठला?" तेव्हापासून त्या धड्याला माझा आवाज वापरत नाही.

रोज सकाळी ते कामगारांना दोन मिनिटं सुरक्षेच्या सूचना देतात. त्याचं रेकॉर्डिंग करतात, आणि ऐकणाऱ्यांनी जिथे "काय सर?" विचारलं ते शब्द वहीत उतरवतात. मागच्या महिन्यात सगळ्यात वर होता 'वाल्व्ह'. कोरियनमध्ये तो 'बेल्बु' होतो: सुरुवातीचा व्ही गेला, मधला ॲ गेला आणि शेवटी उ चिकटला. इंग्रजीप्रमाणे तो 'व्हॅल्व्ह' हवा. पण त्यांच्यासमोर उभी असलेली मुलं नारायणगाव-मंचरकडची, ती म्हणतात 'वॉल'. आम्ही 'व्हॅल्व्ह' बसवला, आणि शेजारी कंसात 'वॉल' लिहून ठेवला, ऐकू आला तर भिंत समजू नये म्हणून.